सेमोव्हेंते ९०/५३: वाया गेलेली तोफ की फसलेली गाडी?

दमदमा

पलिता यांचा ‘इटलीचा विसरलेला वाघ’ हा लेख वाचला. त्याखाली ‘डोळे उघडले’, ‘संग्राह्य’ अशी रांग लागली आहे, म्हणून तिथे विरस न करता वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सेमोव्हेंते ९०/५३, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इटलीने रणगाड्याच्या सांगाड्यावर चढवलेली ९० मिलिमीटरची तोफ, ही त्या काळातली सर्वोत्तम ‘स्वयंचलित रणगाडाभेदी तोफ’, अशा तीनशे रशियात डॉन नदीवर असत्या तर डिसेंबर १९४२ मध्ये इटलीचं आठवं सैन्य फुटलं नसतं, आणि सिसिलीत ती फसली ती चालवणाऱ्यांच्या कच्चेपणामुळे.

तोफेबद्दल माझा वादच नाही. अन्साल्दोची ९०/५३ ही मुळात विमानविरोधी तोफ. नळी ५३ कॅलिबर, म्हणजे ९० मिलिमीटर तोंडाच्या ५३ पट लांब, पावणेपाच मीटरच्या वर. दहा किलोचा गोळा सेकंदाला ८३० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. जर्मनांच्या ८८ मिलिमीटर तोफेपेक्षा गोळा थोडा जड, वेग जवळपास तोच. रशियन टी-३४ रणगाड्याचा पुढचा ४५ मिलिमीटरचा तिरका पत्रा ती हजार मीटरवरून फोडणार, यात शंका नाही.

प्रश्न गाडीचा आहे. एम-१४/४१ हा चौदा-साडेचौदा टनांचा रणगाडा. त्याचा सांगाडा थोडा लांबवला, इंजिन मागून मध्ये आणलं, मागे तोफ चढवली. वजन गेलं १७ टनांवर. इंजिन तेच, स्पा १५टीएम, आठ सिलिंडरचं डिझेल, १४५ अश्वशक्ती. टनामागे साडेआठ. मूळ रणगाड्याला दहा मिळत होत्या आणि त्याच्याही ताकदीबद्दल कुणी ओव्या गायल्या नव्हत्या. कमानपाटे (गाडी पेलणाऱ्या स्प्रिंगा) त्याच धर्तीचे, पट्टे तेवढेच अरुंद, आणि वाढलेलं ओझं सगळं मागच्या अंगाला.

आता गोळे. गाडीवर मावतात सहा-आठ. छापताना शून्य गळलेलं नाही, सहा-आठच. तरबेज तुकडी ही तोफ मिनिटाला पंधरा वेळा सहज झाडेल, म्हणजे गाडीवरचा साठा अर्ध्या मिनिटाचा. म्हणून प्रत्येक तोफेमागे एल-६ या हलक्या रणगाड्यापासून केलेली दारूगोळ्याची गाडी. तिच्यात २६ गोळे, मागच्या ट्रेलरवर ४०. आणि माणसं? तोफगाडीवर प्रवासाला जागा दोघांना, चालक आणि कमांडर. बाकीचे दोघे गोळ्यांच्या गाडीवर. थोडक्यात ही एक गाडी नाहीच. दोन गाड्या आणि एक ट्रेलर मिळून एक तोफ, आणि त्यातलं एक मागे पडलं की दुसरं भंगार.

वर तोफगाडी डिझेलवर आणि एल-६ पेट्रोलवर! एका तोफेला दोन प्रकारची पिंपं. हे पलिता यांच्या लेखात शोधून सापडलं नाही.

तीनशे गाड्यांचं म्हणाल, तर जुलै १९४३ पर्यंत सर्व प्रकारच्या मिळून ९०/५३ तोफाच पाचशेच्या थोड्या वर हाती आल्या होत्या. ऑक्टोबर १९४२ पासून जेनोआ, मिलान, तुरिनवर ब्रिटिश बॉम्ब पडत होते. तीनशे नळ्या डॉनवर न्यायच्या तर शहरांवरचं छप्परच काढून न्यावं लागलं असतं. गाड्या बनल्या तीस. चालवणाऱ्यांचा कच्चेपणा कुठून काढला, ते पलितांनीच सांगावं.

पलिता

माझ्या लेखाला एवढा मोठा धागा मिळाला, आभारी आहे. शेवटचा परिच्छेद जरा कमी चिडून लिहिला असता तर अजून आवडला असता.

एक. इंजिन मध्ये आणि तोफ मागे ही मांडणी इटलीने केली की जुगाड, आणि जर्मनांनी वर्षभराने ‘नासहॉर्न’ या तोफगाडीत केली की अभियांत्रिकी? उघड्या पाठीचंही तसंच. मार्डर उघडी, नासहॉर्न उघडी, अमेरिकनांच्या एम-१० चा टरेट (तोफेचा फिरता मनोरा) वरून उघडा. तिथे कुणाला गोलंदाजांची दया येत नाही.

दोन. वेगळी दारूगोळ्याची गाडी हाही इटालियन वेडेपणा नाही. ‘हुमेल’ या त्यांच्या तोफगाडीवर फक्त १८ गोळे मावायचे, तिच्यामागे जर्मनांनी तोफ नसलेली हुमेलच गोळे वाहायला लावली.

तीन. ही गाडी घाईत केलेला इलाज होता. १९४१ च्या उत्तरार्धात रशियात टी-३४ आणि केव्ही समोर आले आणि इटलीकडे त्यांना भेदणारं चाकांवरचं काहीच नव्हतं. १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत कागदावरून तीस गाड्या बाहेर पडल्या. काही महिन्यांत हे जमवणाऱ्यांना तुम्ही कमानपाट्यांवरून नापास करताय. आणि प्रत्यक्षात रशियाला काय गेलं? एल-६ आणि त्याच सांगाड्यावरची ४७/३२. दीड किलोच्या गोळ्याची ४७ मिलिमीटर तोफ, टी-३४ समोर. तिच्याऐवजी या तीसच गाड्या गेल्या असत्या तरी फरक पडला असता. तीनशे म्हणालो, ते जोरात म्हणालो. मान्य.

शुद्धलेखन काका

दोघेही वाचले. कुणीही ‘स्वयंचलित’ या शब्दावर थांबलं नाही याचं दुःख आहे. स्वयंचलित म्हणजे माणसाविना आपोआप चालणारी. स्वयंचलित जिना, स्वयंचलित दार. तोफ स्वयंचलित म्हटली की ती आपणच भरते, आपणच झाडते असा अर्थ निघतो. ‘वज्र’ तोफा आल्यापासून वर्तमानपत्रांनीही हेच चालवलं आहे. इटालियन शब्दाचा अर्थ साधा: स्वतः हलणारी. गंमत अशी की इटालियन कायद्यात ‘सेमोव्हेंती’ हा शब्द गुराढोरांच्या मालमत्तेला आहे. आपल्याकडे स्थावर-जंगम म्हणतात त्यातलं जंगम. म्हणून मी ‘जंगम तोफ’ सुचवतो.

बारगीर

जंगम तोफ! काका, एवढंच असेल तर आपल्याकडे शुतरनाळ होतीच की. उंटाच्या पाठीवर तोफ, स्वतः हलते, चिलखत नाही, गोळे मोजके, आणि उंट बसला की खेळ संपला. ९०/५३ चं हुबेहूब वर्णन.

(आता कृपया पानिपतावर जाऊ नका. सहाव्या प्रतिसादात नेहमी जातो आपण.)

मूळ मुद्दा. तुम्ही दोघंही चुकीच्या गाडीवर भांडताय. इटलीची खरी रणगाडाभेदी गाडी ७५/१८. कर्नल सेर्जो बेर्लेझे यांची कल्पना, श्टूग या बिनटरेटच्या जर्मन तोफगाडीवरून घेतलेली, नमुना फेब्रुवारी १९४१ मध्ये तयार. एम-१४ वाली तीच एम मालिका, पण बघा काय केलं: टरेट काढून टाकला, ठेंगणी पेटी बसवली, उंची १.८५ मीटर, पुढे २५ अधिक २५ असा ५० मिलिमीटर पत्रा, गोळे ४४, तिघेही छताखाली. तोफ कुठली, तर आखूड ७५/१८ हॉवित्झर, म्हणजे कमी वेगाने, उंच कमानीत गोळा टाकणारी तोफ, जी आधीपासून बनत होती. उत्तर आफ्रिकेत गझालाला, एल अलामेनला ‘आरिएते’ डिव्हिजनने याच गाड्यांच्या जोरावर ब्रिटिशांच्या ग्रँट आणि शर्मन रणगाड्यांना तोंड दिलं. ९०/५३ च्या वाट्याला काही दिवस आले, हिच्या वाट्याला वर्षं.

पलिता

बारगीर, ती तोफ सेकंदाला सव्वाचारशे मीटरने गोळा टाकते. टाकते हाच शब्द.

साधा हिशेब करा. दोन मीटर उंच लक्ष्यावर अंतर न मोजता नेम धरायचा, तर गोळ्याची कमान वाटेत कुठेही दोन मीटरच्या वर जाता कामा नये. हवेचा अवरोध सोडला तर असा गोळा १.२८ सेकंदच हवेत राहू शकतो. ४२५ गुणिले १.२८ म्हणजे ५४० मीटर. त्यापुढे अंतर ओळखण्यात शंभर मीटरची चूक झाली की गोळा डोक्यावरून गेला, नाहीतर पुढ्यात मातीत. ९०/५३ ला त्याच हिशेबाने हजाराच्या वर मिळतात. वाळवंटात अंतराचा अंदाज किती चुकतो ते मी सांगायला नको. शिवाय ७५/१८ मध्ये कमांडर आणि गोलंदाज एकच माणूस. तोच शत्रू शोधणार, तोच अंतर ठरवणार, तोच झाडणार, आणि बाकी गाड्यांवरही त्यानेच लक्ष ठेवायचं.

बारगीर

हिशेब बरोबर आहे, तो ठोस गोळ्याचा आहे. १९४२ पासून ७५/१८ ला पोकळ दारूचे ‘एफेत्तो प्रोंतो’ गोळे मिळाले. त्यांना भेदायला वेग लागत नाही, ५० मीटरवर जेवढं भोक तेवढंच ८०० वर. ग्रँटचा पुढचा पत्रा ५१ मिलिमीटर, त्याला ते पुरेसे होते. नळीच्या पेचांमुळे गोळा गरगरतो, त्यात दारूची धार थोडी फाकते, हे तुम्ही काढायच्या आधी मीच काढतो.

लागण्याचा प्रश्न राहतो, कबूल. पण ७५/१८ वाले पाचशे मीटरपर्यंत थांबू शकत होते, कारण गाडी कमरेएवढ्या उंचवट्याआड लपायची आणि पुढे ५० मिलिमीटर होता. ९०/५३ ची उंची २.१५ मीटर, पुढचा पत्रा ३०. तिला लांबूनच मारावं लागतं, आणि लांबून मारायला गोळे सहा-आठ.

कमानपाटा

इंजिन मध्ये आणण्याबद्दल दमदमा एक ओळ लिहून पुढे गेले. ते एवढं सरळ नाही. एम मालिकेत गिअरबॉक्स आणि दात्यांचं चाक पुढे असतं. इंजिन मागे असताना मधून लांब शाफ्ट जातो. इंजिन मध्ये आलं की शाफ्ट आखूड होतो, हा फायदा. पण रेडिएटरची हवा घ्यायची आणि सोडायची जागा आता तोफेच्या नळीखाली आणि गोलंदाजांच्या तोंडासमोर. उन्हाळ्यात चढावर इंजिन तापलं की ती झळ मागच्यांनाच. झाकण उघडून काही काढायचं तर वर नळी आडवी, ती आधी बाजूला फिरवा.

दुसरं म्हणजे बाजूला फिरवून झाडलं की काय होतं. तोफ दोन्ही बाजूंना चाळीसेक अंश फिरते. सरळ झाडली तर धक्का पट्ट्यांच्या लांबीवर जातो. तिरकी झाडली की तोच धक्का २.२ मीटर रुंदीच्या, पाट्यांवर डोलणाऱ्या गाडीला आडवा बसतो. डोलणं थांबेपर्यंत दुर्बिणीत लक्ष्य नाही. मग पंधरा गोळे मिनिटाला विसरा. ते जमिनीवर पाय रोवलेल्या तोफेचे आकडे, दमदमा साहेब.

आणि ७५/१८ च्या ५० मिलिमीटरवर बारगीर फार भाळलेत. तो पत्रा रिव्हेट-बोल्टांनी सांगाड्यावर बसवलेला आहे.

एकांडा शिलेदार

आला, रिव्हेटचा मुद्दा आलाच. इटालियनांना वेल्डिंग जमत नव्हतं म्हणून रिव्हेट मारले, बाकी सगळं समर्थन नंतरचं. गोळा आरपार गेला नाही तरी रिव्हेटचं शेपूट तुटून आत बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. हे माहीत असून १९४३ पर्यंत तेच करत बसले.

कमानपाटा

‘वेल्डिंग जमत नव्हतं’ हे वाक्य लिहायला सोपं आहे. चिलखताच्या पत्र्यात कार्बन जास्त आणि तो कडक केलेला. त्याला साध्या रॉडने टाका मारला की टाक्याशेजारची पट्टी तापून एकदम थंड होते आणि काचेसारखी ठिसूळ बनते. त्यात रॉडच्या ओलाव्यातला हायड्रोजन शिरतो. टाका मारला तेव्हा सगळं छान दिसतं. भेग काही तासांनी पडते, कधी दुसऱ्या दिवशी, आणि टाक्याच्या खाली, जिथे दिसत नाही.

हे टाळायचं तर आधी पत्रा दीडशेक अंशांपर्यंत तापवा, रॉड भट्टीत सुकवा, क्रोम-निकेलचा स्टेनलेस रॉड वापरा म्हणजे टाका स्वतः मऊ राहून ताण खातो, थरावर थर द्या आणि सावकाश थंड होऊ द्या. यातलं निकेल आणि क्रोम इटलीकडे होतं का? पत्र्यातच घालायला पुरत नव्हतं. म्हणूनच त्यांचा पत्रा मार बसला की तडकायचा. तो वेल्ड केला असता तर टाक्यापाशी अजून लवकर तडकला असता. रिव्हेट हे त्या पत्र्याचं औषध होतं.

एकांडा शिलेदार

वा. आधी वाईट पत्रा करा, मग त्याला साजेसा वाईट जोड करा आणि त्याला औषध म्हणा. रशियनांकडे काय निकेलच्या खाणी ओसंडून वाहत होत्या? युद्ध तोंडावर आल्यावर कारखाने उरलपलीकडे हलवले, तिथे निझनी तागिलला वेल्डिंगतज्ज्ञ पातोनच्या लोकांनी पावडरीखालचं यांत्रिक वेल्डिंग बसवलं आणि टी-३४ चे सांगाडे नवशिक्या कामगारांकडून जोडून घेतले. गरज प्रत्येकाला होती. इच्छा लागते.

कमानपाटा

इच्छा! पातोनचं यंत्र चालतं कारण टाका पावडरीच्या थराखाली पडतो, हवा लागत नाही, एका दमात सलग पडतो आणि वेग ठरलेला असतो. त्यासाठी लांब सरळ कडा लागतात. टी-३४ चा सांगाडा तसा आखला होता. एम-१४ च्या आधीचा एम-१३ आखला गेला कोनपट्ट्यांच्या चौकटीवर पत्रे टांगायचे म्हणून. तोच आराखडा पुढे १४, १५ झाला आणि तोच ९०/५३ ला मिळाला. जोड बदलायचा म्हणजे रणगाडाच नव्याने काढायचा.

आणि रिव्हेट मागासलेपणाची खूण असेल तर ब्रिटिशांचं काय? क्रूसेडर रिव्हेटचा. व्हॅलेंटाइन रिव्हेटचा, नगरच्या रणगाडा संग्रहालयात उभा आहे, डोकी मोजून या. अमेरिकनांचा पहिला एम-३ ली रिव्हेटचा, आणि तेच ली १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या सीमेवर, इंफाळला लढत होते.

एकांडा शिलेदार

अमेरिकनांनी त्याच ली-ची ओतीव आणि वेल्ड केलेली रूपं लगेच काढली हे सोयीस्करपणे गाळलंत. त्यांच्या हलक्या स्टुअर्ट रणगाड्याचा टरेट रिव्हेटचा होता, तोही बदलला. कारण तेच, आत उडणारी शेपटं. ब्रिटिशांचा क्रॉमवेल सुरुवातीला रिव्हेटचा, नंतर वेल्डचा. सगळे शिकले. इटलीचा पी-४० रणगाडा बघा, १९४३ मध्येही त्याच वळणाचा. तुम्ही गॅरेजवाल्याच्या आपुलकीने बोलताय, अभ्यासाने नाही.

कमानपाटा

गॅरेजवाला हा शब्द शिवी म्हणून वापरणाऱ्याने आधी सांगावं की रिव्हेट आणि बोल्ट यातला फरक काय आणि इटालियन पत्रे नेमके कशाने बसवले होते. दोन्ही वापरले जातात. बोल्टचा पत्रा तडकला तर नट काढून दुसरा लावता येतो, वाळवंटातल्या कार्यशाळेत, वेल्डरशिवाय. रिव्हेट काढायला डोकं छिन्नीने उडवून मागून ठोकावा लागतो. तुम्ही धाग्यात दोन्हींना ‘रिव्हेट’ म्हणताय.

एकांडा शिलेदार

‘रिव्हेट-बोल्टांनी बसवलेला आहे’, असं एका दमात तुम्हीच लिहिलंत. वर जाऊन वाचा.

कमानपाटा

वाचलं. तेवढं मान्य. बाकी तडकलेल्या टाक्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

व्यवस्थापक

‘गॅरेजवाला’, ‘अभ्यास नाही’ वगैरे इथेच थांबवा. रिव्हेटसाठी वेगळा धागा काढा.

दमदमा

वेगळा धागा कशाला, हा सगळा वाद ९०/५३ ला लागूच होत नाही! तिच्यात रिव्हेट उडून लागायला आत माणूस हवा ना. चालक आणि कमांडर पुढे पेटीत. तोफ चालवणारे मागे, उघड्यावर, समोर एक ढाल. त्यांना मारायला रिव्हेटची गरज नाही, बाजूला फुटलेला साधा उखळीचा गोळा पुरे. तुम्ही तीस ओळी ज्या चिलखताच्या जोडावर भांडलात, त्या चिलखताच्या बाहेर उभं राहून ही तोफ चालवायची होती.

पलितांच्या नासहॉर्नला उत्तर द्यायचं राहिलं. मांडणी तीच, खरं आहे. पण नासहॉर्न २४ टनांची, ३०० अश्वशक्तीची, टनामागे साडेबारा. तिच्यात चाळीस गोळे आणि अख्खी तुकडी भिंतींच्या आत प्रवास करते. उघडी म्हणजे छत नाही, भिंती आहेत. हुमेलची तुलना तर सोडूनच द्या. हुमेल काही किलोमीटर मागून झाडणारी हॉवित्झर, तिला गोळे पोचवायला टेकडीमागे निवांत जागा असते. रणगाड्यांसमोर उभ्या तोफेला आठव्या गोळ्यानंतर ‘थांबा, मागची गाडी येतेय’ म्हणता येत नाही.

सांगाडा लहान होता हेही कारण मी घेणार नाही. व्हॅलेंटाइनचा विषय निघालाच आहे. त्याच सांगाड्यावर ब्रिटिशांनी १७-पौंडी तोफ उलटी बसवून ‘आर्चर’ केली. तीही नगरला आहे. वजन सोळा टनांच्या घरात, गोळे ३९, चौघेही गाडीवर. खोड अशी की तोफ झाडताना मागचा भाग चालकाच्या जागेवर येतो, म्हणून त्याला उठून बाहेर व्हावं लागतं. पण नळी मागे केल्यामुळे गाडी लांबीने आटोपशीर आणि झाडून झाल्यावर सरळ पुढच्या गिअरमध्ये पळता येतं. डोकं लावलं तर लहान गाडीवर मोठी तोफ बसते.

पलिता

आर्चर १९४४ च्या अखेरीस लढाईत आली. अडीच वर्षांनी. इंजिन १९२ अश्वशक्तीचं. आणि १७-पौंडीचा गोळा ७.७ किलोचा, ९०/५३ चा दहाच्या वर, काडतूसही त्याच मापाने मोठं. त्यामुळे ३९ विरुद्ध आठ हा फरक सगळा अकलेचा नाही, थोडा आकाराचाही आहे.

पण हुमेलबद्दल तुमचं बरोबर. ती तुलना मागे घेतो.

आता सिसिली. कच्चेपणाचं वाक्य माझं होतं, तर हिशेबही मीच देतो. दहाव्या सेमोव्हेंते तुकडीत तीन गट, १६१, १६२, १६३, प्रत्येकी आठ तोफा, एकूण २४. १० जुलै १९४३ ला अमेरिकेची तिसरी पायदळ डिव्हिजन लिकाताला उतरली. या तोफा तिथून कानिकात्तीकडे जाणाऱ्या वाटांवर लढल्या. १२ तारखेला कानिकात्ती गेलं, २२ ला पालेर्मो. मधल्या काळात बहुतेक गाड्या संपल्या. काही विमानांनी टिपल्या, काही समोरासमोर पडल्या, काही बिघडल्या म्हणून जागेवर सोडाव्या लागल्या. रशियाच्या सपाटीसाठी, दीड-दोन किलोमीटरवरून मारायला केलेली तोफ अशा डोंगराळ रस्त्यांवर लावली, जिथे वळणापलीकडचं पाचशे मीटरवरही दिसत नाही. जुलैची कोरडी माती. ९० मिलिमीटरचा एक बार झाला की धुळीचा ढग उठून जागा जाहीर. गोलंदाज नळीपुढची जमीन भिजवतात किंवा ताडपत्री अंथरतात. पण त्यासाठी पाणी आणि वेळ दोन्ही हवं, आणि वर आकाश तुमचं हवं.

तेव्हा चालवणारे कच्चे नव्हते. वाक्य काढतो. गाडी चुकीची नव्हती, जागा चुकीची होती, एवढं मात्र ठेवतो.

बारगीर

अशा रस्त्यांवर पाचशे मीटरवरून मारायला, ठेंगणी, छताची, ४४ गोळ्यांची एखादी गाडी असती तर! नाव आठवत नाही, सव्वाचारशे मीटर वेगाची कुठलीतरी.

पलिता

आठवलं तर कमांडरलाच विचारा. तो शत्रू शोधून, अंतर मोजून, झाडून मोकळा झाला की सांगेल.

कमानपाटा

जागा चुकीची म्हणताय, तर रशियाचंही बघा. हिवाळ्यात डिझेल घट्ट होतं, बॅटरी बसते. तोफगाडी सुरू करायला खालून शेकोटी, आणि पेट्रोलची एल-६ आधी सुरू होऊन पुढ्यात उभी. अरुंद पट्टे, १७ टन आणि वसंतातला चिखल. डॉनवर मिळालेला फायदा पहिल्या रासपुतित्सात परत द्यावा लागला असता. शिवाय दोन्हींचे सुटे भाग वेगळे: वेगळे पट्टे, वेगळी चाकं, वेगळी इंजिनं. तीस गाड्यांसाठी दोन-दोन वखारी.

त्यापेक्षा लांचा ३आरओ आणि ब्रेदा ५२ ट्रकांवर बसवलेल्या ९०/५३ बऱ्या. त्या आफ्रिकेत गेल्याच. ट्रक रस्त्यावर जलद. चिलखत शून्य, पण इथेही मागच्यांना शून्यच होतं की.

दमदमा

ट्रकवाल्या उंचीने दोन मैलांवरून दिसतात. पण हो, या गाडीपेक्षा मी ट्रक घेईन, आणि ते ट्रकचं कौतुक नाही.

पलिता, ‘सर्वोत्तम’ हा शब्द काढणार का?

पलिता

‘तोफ सर्वोत्तमांपैकी’ असं करतो. आज शिल्लक असलेली एकुलती एक गाडी अमेरिकनांनी उचलून नेली, आधी अॅबर्डीनच्या लष्करी तळावर, आता ओक्लाहोमात फोर्ट सिलला आहे. एवढ्या टाकाऊ गाडीसाठी समुद्रापार एवढा खटाटोप त्यांनी का केला, याचं उत्तर मिळालं तर कळवा. शीर्षकही बदललं आहे: ‘इटलीचा विसरलेला वाघ (गोळे मागच्या गाडीत)’. झालं समाधान?

दमदमा

मागच्या गाडीत २६. चाळीस ट्रेलरमध्ये.

शुद्धलेखन काका

आणि अनेकवचन सेमोव्हेंती. अख्ख्या धाग्यात ते मी सोडून कुणी लिहिलेलं नाही, मीही एकदाच, तेही गुरांसाठी.